कोर्लईचा ओसाड डोंगर आणि पायथ्याची बोली : सिल्वासा-दमणशी त्याचं नातं काय?

सिल्वासा : दमणचा किल्ला आपल्या भागातल्या बहुतेकांनी पाहिलेला असतो. शाळेची सहल म्हणा, रविवारची चक्कर म्हणा, मोटी दमणच्या तटावरून समुद्र बघून माणसं परत येतात. तिथली तटबंदी धडधाकट आहे, आत कार्यालयं आहेत, चर्चमध्ये प्रार्थना होते. पोर्तुगीज गेले तरी ठाणं वापरात राहिलं. पण त्याच राजवटीने सोडून दिलेलं, नंतर कुणीच न वापरलेलं ठाणं कसं दिसतं हे पाहायचं असेल, तर दक्षिणेला रायगड जिल्ह्यात, अलिबागच्या पुढे कोर्लईला जावं लागतं.

कोर्लईला समुद्रात घुसलेली काळ्या खडकाची एक लांबलचक सोंड आहे. तिच्या माथ्यावर तट, दरवाजे, बुरूज, चर्च, दारूकोठार, पाण्याचं टाकं असं सगळं आहे. माणूस तेवढा नाही. चर्चच्या भिंती उभ्या आहेत, वेदीची जागा ओळखू येते, वर आभाळ. १७४० साली पोर्तुगीज राजवट इथून उठली. तरी डोंगराच्या पायथ्याच्या गावात आजही काही घरांत पोर्तुगीजपासून तयार झालेली एक बोली बोलली जाते. पावणेतीनशेहून अधिक वर्षं झाली, राज्य नाही, बाजार नाही, शाळा नाही, तरी बोली आहे.

दादरा-नगर हवेलीच्या वाचकांना यात रस वाटावा याचं कारण सरळ आहे. एका तहाने पोर्तुगीजांच्या हातून कोर्लई गेली, आणि त्यानंतर ४३ वर्षांनी दुसऱ्या तहाने नगर हवेली त्यांच्या हातात आली. दोन्ही वेळा समोर पुण्याचे पेशवेच होते. कोर्लईची गोष्ट समजली की आपल्याकडच्या गोष्टीचा अलीकडचा भाग आपोआप जोडला जातो.

डोंगर नेमका कुठे

नाशिक-पालघरच्या बाजूने आपली दमणगंगा जशी दमणला समुद्राला मिळते, तशी कुंडलिका नदी रेवदंड्याला मिळते. खाडीच्या उत्तरेला रेवदंडा, दक्षिणेला कोर्लई. रेवदंड्याची बाजू सपाट, नारळ-सुपारीच्या वाड्यांची. कोर्लईची बाजू म्हणजे खाडीच्या तोंडावर आडवा बसलेला डोंगर. पोर्तुगीज याला ‘मोरो द चौल’ म्हणत, म्हणजे चौलचा डोंगर. उंची फार नाही, पण जागा अशी की खाडीत शिरणारं प्रत्येक गलबत या डोंगराच्या तोफेखालूनच जाणार. जुन्या कागदांत या किरकोळ उंचीच्या डोंगराचं नाव इतक्यांदा का येतं, ते इथे उभं राहिल्यावर पाच मिनिटांत कळतं.

तटाच्या आतली जागा विलक्षण अरुंद आहे. कुलाबा गॅझेटियरमध्ये दिलेल्या मापानुसार किल्ल्याची लांबी २,८२८ फूट आणि सरासरी रुंदी फक्त ८९ फूट. म्हणजे लांबी रुंदीच्या तीसपटीहून जास्त! डोंगराचा माथाच तेवढा आहे, त्यामुळे बांधणाऱ्यांना दुसरा पर्याय नव्हता. या लांबट पट्टीचे आडव्या तटांनी तीन भाग पाडले आहेत. एक भाग शत्रूच्या हाती पडला तरी पुढच्या भागाचा दरवाजा लावून लढता यावं, अशी ही योजना. एकूण दरवाजे ११, त्यांतले चार बाहेरचे आणि सात आतले. बुरुजांना ख्रिस्ती संतांची नावं होती. मराठ्यांनी ती बदलली. सान फ्रान्सिस्कोचा गणेश बुरूज झाला, सान दिएगोचा पुस्ती बुरूज झाला. उत्तरेच्या टोकाला, जवळजवळ पाण्याच्या पातळीवर, सांता क्रूझ हा तोफांचा बुरूज आहे. खाडीचं तोंड अडवायचं काम खरं तर त्याचं.

वरून चालताना दोन्ही हातांना पाणी दिसतं. पश्चिमेला खुला समुद्र, पूर्वेला खाडी आणि कोळ्यांच्या होड्या, समोर रेवदंड्याच्या माडांची रांग, मागे दक्षिणेला फणसाडच्या जंगलाकडचे डोंगर.

दगड वाचायचा कसा

कोर्लईला जाणारे बहुतेक लोक किल्ला पाहतात, फोटो काढतात आणि उतरतात. खालचा खडक तसाच राहतो. खरं तर तो किल्ल्यापेक्षा काही कोटी वर्षांनी जुना आहे, आणि आपल्या ओळखीचाही आहे. खानवेल आणि दुधनीचे डोंगर ज्या काळ्या पाषाणाचे, त्याच दख्खनच्या लाव्ह्याचा हा समुद्रात बुडालेला काठ. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भेगांमधून लाव्हा वर आला, पसरला, थंड झाला, त्यावर पुन्हा नवा थर आला. सह्याद्रीच्या कड्यांत हे थर पायऱ्यांसारखे आडवे दिसतात. कोकण किनाऱ्याजवळ आल्यावर मात्र ते समुद्राकडे कललेले आढळतात. भूशास्त्रज्ञ या वाकाला पनवेलचं नाव देतात, कारण तो त्या भागात ठळक दिसतो.

मुंबईच्या दक्षिणेला अलिबाग ते मुरूड या किनाऱ्यावर आणखी एक गोष्ट मुबलक आहे. तिला भूशास्त्रात डाइक म्हणतात. आधीच्या थरांना उभी भेग पडली, त्या भेगेत नवा लाव्हा घुसला आणि तिथेच गोठला, की खडकात एक उभी भिंत तयार होते. आजूबाजूचा खडक लाटांनी लवकर झिजला तर ही भिंत वर उरते. ती स्वतः मऊ असेल तर उलट होतं, तिथे अरुंद घळ पडते आणि लाट आत शिरून उसळते. गोठताना डाइकला आडव्या भेगा पडतात, त्यामुळे ती विटा किंवा लाकडाचे ओंडके रचल्यासारखी दिसते. कोकणात अशा भिंती पाहून ‘हे जुन्या बंदराचं बांधकाम’ असं लोक छातीठोकपणे सांगतात. ओळखायची खूण सोपी. चुना दिसतो का ते बघायचं. माणसाने रचलेल्या दगडांच्या सांध्यात चुना असतो, निसर्गाने रचलेल्यात नसतो. कोर्लईला दोन्ही प्रकार पाहायची सोय आहे, कारण वरचा तट याच काळ्या दगडाचा, चुन्यात बांधलेला आहे.

पाण्याच्या काठाला ओहोटीत खडकाचा सपाट ओटा उघडा पडतो. लाटांनी डोंगराचा पाय कापत कापत मागे सरकवला, त्याचा हा उरलेला तळ. त्यात वाटीएवढे, घमेल्याएवढे खळगे असतात. लाटेबरोबर गोल फिरणाऱ्या गोट्यांनी ते कोरलेले असतात. काही दगडांत बारीक पोकळ्या आणि त्यांत पांढरे खडे दिसतील. लाव्ह्यातल्या वायूचे बुडबुडे अडकले, नंतर त्यात पाण्याने खनिज भरलं. ते खडे फोडून खिशात घालायची काही गरज नाही.

वस्ती का बसली, का उठली

कोर्लईच्या आधी चौल समजून घ्यावं लागतं, कारण डोंगर हा चौलचा पहारेकरी होता. चौल हे फार जुनं बंदर. ग्रीक-रोमन काळातल्या लेखनात ते येतं, दहाव्या शतकात अरब प्रवासी अल मसूदी इथे येऊन गेला, पंधराव्या शतकात अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी घोडा घेऊन इथेच उतरला. त्याचं स्मारक रेवदंड्यात आहे. १५०८ साली चौलच्या खाडीत पोर्तुगीज आरमाराचा इजिप्तच्या मामलुकांनी आणि दीवच्या मलिक अयाझने मिळून पराभव केला. व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेदा त्यात मारला गेला. बापाने पुढच्याच वर्षी दीवसमोर त्याचा सूड घेतला. आज एकाच केंद्रशासित प्रदेशात असलेल्या दीवचं नाव या किनाऱ्याशी असं जोडलेलं आहे.

१५२१ मध्ये अहमदनगरच्या निजामशहाच्या परवानगीने पोर्तुगीजांनी रेवदंड्याला ठाणं बांधलं. हळूहळू तिथे तटबंद शहरच उभं राहिलं. चर्च, मठ, व्यापाऱ्यांची घरं. त्यातला ‘सातखणी’ म्हणून ओळखला जाणारा मनोरा अजून अर्धामुर्धा उभा आहे. नावात खण सात, प्रत्यक्षात वरचे ढासळलेले.

डोंगर मात्र निजामशाहीकडेच होता. बुऱ्हाण निजामशहाने तिथे किल्ला बांधायला घेतला तेव्हा पोर्तुगीजांची झोप उडाली. वरच्या तोफा थेट शहरावर रोखलेल्या. १५९४ मध्ये त्यांनी सुमारे १,५०० पोर्तुगीज शिपाई आणि जवळपास तेवढेच स्थानिक लोक घेऊन हल्ला केला आणि डोंगर घेतला. आज दिसतं ते बांधकाम मुख्यतः त्यानंतरचं. १६८३ मध्ये संभाजी महाराजांच्या फौजांनी चौलवर जोर लावला, पण ठाणं पडलं नाही.

मग आली वसईची मोहीम. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि पोर्तुगीजांचा ‘उत्तर प्रांत’ मुळापासून हलला. वसई ही त्या प्रांताची राजधानी होती, तीच गेल्यावर चौल-कोर्लई एकाकी पडली. कोर्लईच्या डोंगराला सुभानराव माणकरांनी वेढा घातला. शेवटी इंग्रजांच्या मध्यस्थीने १७४० मध्ये तह झाला. मराठ्यांनी गोव्यातल्या साष्टीतून फौज काढून घ्यायची आणि पोर्तुगीजांनी चौल व कोर्लई सोडायची, हा त्याचा गाभा. उत्तरेत पोर्तुगीजांकडे उरलं दमण आणि दीव.

यानंतर डोंगर ओसाड पडायला फार वेळ लागला नसणार. मराठ्यांचे वरच्या दोन्ही बाजूंना आपले किल्ले होते, त्यांना चौलच्या शहराची पहारेदारी करायची गरज उरली नव्हती. व्यापार तर आधीच मुंबईकडे वळला होता. १८१८ नंतर इंग्रजांनाही या डोंगराचं काही काम नव्हतं. माथ्यावर शेती नाही, वाहतं पाणी नाही, बाजार नाही. पगार देणारं राज्य असेपर्यंतच अशी वस्ती टिकते. टाक्यातलं पाणी आणि रत्नेश्वर महादेवाचं छोटं देऊळ एवढ्यावर गाव वसत नाही.

माणसं कुठे गेली

गोरे अधिकारी, पाद्री, पैसेवाले निघून गेले. पण पोर्तुगीज ठाण्यांत राहणारे सगळेच पोर्तुगीज नसत. शिबंदीतले स्थानिक शिपाई, घरकाम करणारे, गलबतांवरचे खलाशी, त्यांच्या बायका-मुलं यांची संख्या नेहमी जास्त असायची. स्थानिक समाजातून ख्रिस्ती झालेले हे लोक, काही मिश्र कुटुंबं. त्यांना गोव्याला कोण नेणार आणि नेऊन काय देणार? अभ्यासकांच्या मते चौल आणि कोर्लईतले असे लोक मागे राहिले आणि डोंगराच्या पायथ्याशी एकवटले. आजचं कोर्लईचं ख्रिस्ती गाव ते हेच. माउंट कार्मेलच्या मातेचं चर्च गावात आहे.

या लोकांच्या घरात जी भाषा होती तिला गावात ‘नो लिंग’ म्हणतात. अर्थ ‘आपली भाषा’. पोर्तुगीजमधल्या ‘नोसा लिंग्वा’चं हे रूप. ‘क्रिस्ती’ असंही नाव आहे. अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठाचे भाषाशास्त्रज्ञ जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी या बोलीचा अनेक वर्षं अभ्यास केला, १९९६ मध्ये त्यांचं त्यावरचं पुस्तक आलं. बोलणारे हजाराच्या आतबाहेर.

ही मोडकी पोर्तुगीज आहे, असं कुणी म्हटलं तर ते चूक. लिस्बनच्या माणसाला ती सहज समजणार नाही आणि चौलच्या माणसालाही नाही. शब्द बहुतेक पोर्तुगीज, पण वाक्य बांधायची रीत हळूहळू मराठीची झाली. पोर्तुगीजमध्ये क्रम ‘मी खातो भात’ असा. मराठीत ‘मी भात खातो’. जुन्या पिढीच्या बोलण्यात दोन्ही क्रम सापडतात, तरुणांच्या बोलण्यात मराठीचा जास्त. क्रियापदांचं तर आणखी गमतीचं आहे. पोर्तुगीजमधून आलेल्या क्रियापदांचे शेवटच्या स्वरावरून तीन गट पडतात, आणि मराठीतून घेतलेल्या क्रियापदांसाठी या लोकांनी ऊकाराचा चौथा गट तयार केला. बाहेरून आलेल्या शब्दांना घरात वेगळी खोली दिली म्हणा ना.

उलट दिशेची देवघेव आपण रोज करतोच. पाव, बटाटा, चावी, पगार, बादली, इस्त्री, तुरुंग, लिलाव, घमेलं, पिंप, नाताळ हे सगळे शब्द पोर्तुगीजमधून मराठीत आले. ते परके आहेत हे आता सांगावं लागतं.

वसईत नाही, सिल्वासात नाही, मग इथेच का?

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. पोर्तुगीजांची सर्वांत मोठी ठाणी वसई आणि साष्टीत होती. तिथे आजही ख्रिस्ती समाज मोठा आहे, पण घरात बोलतो तो सामवेदी, वाडवळी अशा मराठीच्या बोली. मुंबई-वसई पट्ट्यातही एकेकाळी पोर्तुगीजवरून तयार झालेली बोली होती, ती विसाव्या शतकापर्यंत संपली.

नगर हवेलीत तर अशी बोली तयारच झाली नाही. इथे तारखांचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. १७७२ मध्ये मराठा आरमाराने ‘सांताना’ हे पोर्तुगीज जहाज पकडलं. त्याच्या भरपाईपोटी, १७७९ च्या तहानुसार, वर्षाला १२,००० रुपये उत्पन्नाची गावं पोर्तुगीजांना लावून द्यायची ठरली. त्याप्रमाणे १७८३ मध्ये नगर हवेलीची ७२ गावं त्यांच्याकडे गेली. दादरा १७८५ मध्ये विकत घेतलं. तिथपासून १९५४ मधल्या मुक्तीपर्यंत १७१ वर्षं झाली. रेवदंड्यात पोर्तुगीज होते १५२१ ते १७४०, म्हणजे २१९ वर्षं. कोर्लईच्या डोंगरावर तर १५९४ पासून अवघी १४६. म्हणजे नगर हवेलीत पोर्तुगीज कोर्लईच्या माथ्यापेक्षा जास्त काळ राज्य करत होते! तरी इथे मागे राहिलं काय? सिल्वासाचं चर्च, थोड्या इमारती, कागदपत्रं. १८८५ मध्ये त्यांनी सिल्वासाला ‘विला द पासो द आर्कोस’ असं भारदस्त नाव दिलं. ते नाव आज इथल्या दहा जणांना विचारलं तर एकालाही सांगता येणार नाही.

फरक राज्याच्या वर्षांत नाही, एका छपराखाली राहण्यात आहे. चौल-कोर्लईत एका तटाच्या आत, एका स्वयंपाकघरात, एका गलबतावर दोन भाषांची माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहत होती. मुलं ती सरमिसळ ऐकत वाढली. तिसरी भाषा अशीच जन्मते. नगर हवेलीचा कारभार दमणहून चालायचा. वारली, कोकणा, धोडिया पाड्यांवर सारा वसूल करायला येणाऱ्या माणसाची भाषा मुलांच्या तोंडी बसत नाही. आणि जिथे ती घरातली झाली, त्या दमणमध्ये ती आजही आहे. दमणच्या ख्रिस्ती कुटुंबांत ‘लिंग्वा द काझा’, म्हणजे घरची भाषा, बोलणारे लोक आहेत. दीवलाही आहेत, त्यांच्या बोलीवर ह्यूगो कार्दोसो यांनी प्रबंध लिहिला आहे. या तिघी एकमेकींच्या बहिणी. नरोलीच्या माणसाला कोर्लई लांब वाटेल, पण तिची सख्खी बहीण आपल्या घरापासून तासाभरावर राहते.

वसईत आणि कोर्लईत जो फरक पडला तो वेगळेपणाचा. वसईतला ख्रिस्ती समाज मोठा, शेतीवाडीचा, आजूबाजूच्या मराठीत मिसळलेला. कोर्लईचे लोक मूठभर. धर्म वेगळा म्हणून शेजारच्या गावांशी लग्नव्यवहार नाही, जातीच्या उतरंडीमुळे उठबस नाही, मध्ये खाडी आणि डोंगर. भरीला चर्चमधले पाद्री पोर्तुगीज जाणणारे, प्रार्थना पोर्तुगीज आणि लॅटिनमधून. बाहेरच्यांनी दूर ठेवलं आणि म्हणून आतली भाषा टिकली. ही बाजू सांगताना जरा अडखळायला होतं, कारण बोली टिकण्याचं जे कारण, तेच त्या लोकांच्या वाट्याला आलेल्या वेगळं पाडलं जाण्याचंही.

ती भिंत आता राहिलेली नाही, आणि ते चांगलंच झालं. १९६० च्या दशकात व्हॅटिकनच्या निर्णयानंतर चर्चची भाषा लोकभाषा झाली, म्हणजे इथे मराठी. शाळा मराठी. १९८० च्या दशकात रेवदंड्याच्या खाडीवर पूल झाला आणि होडीवाचून अडणारं गाव अलिबागच्या रस्त्यावर आलं. पोरं मुंबईला कामाला जाऊ लागली, मोबाईलवर हिंदी आली, आता इंग्रजी शाळा. आजीशी ‘नो लिंग’, आईशी अर्धं-अर्धं, मित्रांशी मराठी, अशी उतरंड झाली की पुढची पायरी सांगावी लागत नाही.

सरकारी नोंदीचाही घोळ आहे. जनगणनेत दहा हजारांपेक्षा कमी बोलणाऱ्यांची भाषा स्वतंत्र दाखवली जात नाही. म्हणजे हजार माणसांची बोली कागदावर नाहीच. म्हैसूरच्या केंद्रीय भारतीय भाषा संस्थेची २०१३ पासूनची योजना नेमक्या अशाच, दहा हजारांखालच्या भाषांची नोंद करण्यासाठी आहे. नोंद झाली की बोली वाचते असं नाही, पण नंतर कुणाला शिकायची झाली तर निदान काही सापडतं.

सीमेवरच्या मराठी वाचकाला या ठिकाणी दोन्ही बाजू कळतात. सिल्वासात, वापीत, उंबरगावात मराठी ही घरची भाषा आणि रस्त्यावर गुजराती-हिंदी, हे आपण रोज अनुभवतो. आपल्या मराठी शाळांच्या पटाची चिंता आपण करतो. कोर्लईत मात्र मराठी ही मोठी बहीण आहे, रस्त्यावरची, शाळेतली, जिच्यापुढे घरची भाषा मागे सरते. आपल्या वारली बोलीचंही आपल्या मराठीपुढे असंच होतं, हे मान्य करायला थोडं जड जातं इतकंच.

जायचं कसं

सिल्वासाहून एका दिवसात जाऊन यायचा विचार करू नका, रेवदंडा, चौल किंवा काशिदला एक मुक्काम ठेवा. वापीहून रेल्वेने मुंबई, गेटवेहून बोटीने साधारण तासाभरात मांडवा, तिथून अलिबाग, आणि अलिबागहून मुरूडकडे जाणारी एसटी. ती रेवदंड्याचा पूल ओलांडून कोर्लई फाट्यावर सोडते. पावसाळ्यात गेटवेच्या बोटी बंद असतात. स्वतःची गाडी असेल तर मुंबईला वळसा घालून पनवेल, पेण, वडखळ, अलिबाग असा रस्ता आहे.

फाट्यापासून गावातून, कोळीवाड्यातून वाट जाते. रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना जाळी आणि वाळत घातलेली मासळी. मोठी गाडी आत घालून लोकांची अडचण करू नये, चालत गेलं तर अंतर काही फार नाही. पुढे डोंगराच्या पश्चिम अंगाने, खाली खडक आणि वर उतार अशी वाट १९५५ मध्ये बांधलेल्या दीपगृहापर्यंत येते. दीपगृहाच्या मागून पायऱ्या चढल्या की पंधरा-वीस मिनिटांत दरवाजा. वर गेल्यावर दक्षिणेकडची बाजू आधी आणि मग उतरत उत्तरेच्या टोकापर्यंत, असं केलं तर शेवटी सांता क्रूझ बुरुजावर पोचता येतं. परतताना तोच चढ पुन्हा आहे, हे आधीच धरून चाला. दरवाजांवरचे पोर्तुगीज शिलालेख बघायला विसरू नका. त्यांच्या शेजारी हल्लीच्या प्रेमवीरांनीही आपले शिलालेख कोरले आहेत, तेही दुर्दैवाने दिसतील.

सावली जवळजवळ नाही. मार्च ते मे काळा दगड असा तापतो की हात टेकवत नाही, म्हणून ऑक्टोबर ते फेब्रुवारी बरे. टाक्यातलं पाणी पिण्याच्या भरवशाचं धरू नये, प्रत्येकी दोन लिटर खालून न्यावं. पावसाळ्यात डोंगर हिरवागार दिसतो, पण पायऱ्या आणि खालचा खडक शेवाळाने साबणासारखा होतो.

खालच्या खडकांवर जायचं असेल तर भरती-ओहोटीचा हिशेब आलाच पाहिजे. कोकण किनाऱ्यावर त्याचं एक सोपं गणित आहे. तिथीला तीनने गुणा आणि चारने भागा, येईल तो आकडा भरतीच्या पूर्ण वेळेचा. अष्टमी असेल तर आठ त्रिक चोवीस, भागिले चार, म्हणजे सहा. सकाळी सहाच्या सुमारास भरती, बाराच्या सुमारास ओहोटी. एकादशीला सव्वाआठला भरती, दुपारी सव्वादोनला ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून मोबाईलवरचा तक्ताही बघावा. पौर्णिमा-अमावस्येला उधाण असतं, पाणी सगळ्यात वर चढतं आणि सगळ्यात खालीही जातं. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी, चढउतार कमी. खडकाचा ओटा पूर्ण उघडा पाहायचा तर उधाणाच्या दिवशी ओहोटीला जावं, पण पाणी वळायच्या आधी वर यावं. उधाणात ते भराभर चढतं आणि मागची वाट आधी बुडते. कोळीवाड्यात कुणालाही विचारलं तर आजची वेळ बोटावर मोजून सांगतील.

गावात बोली ऐकायला म्हणून कुणाच्या दारात मोबाईल पुढे करून उभं राहू नये. लोक मराठी उत्तम बोलतात, चहा-पाण्याला, मासळीच्या भावाला, रस्ता विचारायला मराठीच लागते. बाजूला दोन बाया आपसात बोलत असतील आणि शब्द ओळखीचे वाटूनही वाक्य कळत नसेल, तर ती ‘नो लिंग’ असण्याची शक्यता बरीच. मुरूडहून अलिबागकडे परतणाऱ्या एसटीची वेळ मात्र सकाळी उतरतानाच कंडक्टरला विचारून ठेवलेली बरी.